पस्तीस हजारांत दोन झिऑन: घे, पण आधी बूट ब्लॉकची तारीख बघ

तुझे प्रश्न तीन. पस्तीस हजारांत दोन झिऑनचं, म्हणजे इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या दोन जुन्या प्रोसेसरांचं, मशिन उभं राहील का? चिनी ड्युअल बोर्ड मागवून सगळं सुटं जमवावं, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बघितलेला एक प्रोसेसरवाला एचपी झेड६२० (तयार वर्कस्टेशन) उचलून त्यात दुसरा घालावा? आणि त्यावर व्हर्च्युअल मशिनची (एकाच कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या अनेक आभासी कॉम्प्युटरांची) लॅब, थ्रीडीचं ब्लेंडर, जमल्यास गेम, असं सगळं चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. लॅबसाठी हे मशिन अगदी हवं तसं आहे. आठ-दहा व्हर्च्युअल मशिन एकदम चालवायची तर कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे गाभे) आणि रॅम भरपूर लागते, आणि जुन्या झिऑनमध्ये नेमकं तेच स्वस्तात मिळतं. ब्लेंडरसाठी मात्र दुसऱ्या प्रोसेसरवर पैसे घालू नकोस. ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनचं रेंडर एका बऱ्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डावर या दोन्ही प्रोसेसरांपेक्षा लवकर उरकतं. गेमचं तर नावच काढू नकोस. एकेका कोअरच्या वेगात हे २०१३ चे प्रोसेसर आजच्या साध्या आय३ च्याही मागे आहेत. दोन्ही मिळून चाळीस थ्रेड (एकदम चालणारी कामं) दिसतात म्हणून मित्रांना दाखवायला बरं, पण गेमला त्यातले मोजकेच लागतात.

आता सुटं की तयार. मी स्वतः तयार वर्कस्टेशन घेतलं आणि आजही तेच सांगेन. चिनी बोर्ड स्वस्त दिसतो, पण पुढे दोन कूलर, मोठं कॅबिनेट, प्रोसेसरसाठी दोन वेगळ्या आठ-पिन वायरी असलेला चांगला पॉवर सप्लाय, असं एकेक करत बिल फुगत जातं. बायोसचं (मशिन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट मिळेल की नाही हे नशिबावर. वर्कस्टेशनमध्ये आठशे वॅटचा सप्लाय आणि हवा खेळायची सोय आधीपासूनच असते. तोटाही आहे: एचपीचा सप्लाय साधा एटीएक्स नसतो. तो गेला तर तस्साच शोधावा लागतो, शेजारच्या दुकानातला चालत नाही.

झेड६२० मध्ये मुख्य बोर्डावर एकच सॉकेट असतं. दुसरा प्रोसेसर रायझर नावाच्या उभ्या कार्डावर बसतो, रॅमच्या चार खाचाही त्याच कार्डावर. मशिनपेक्षा हे कार्ड मिळायलाच जास्त वणवण होते. घेताना हीटसिंक आणि पंख्यांसकट घे. नुसतं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून खूश होणाऱ्यांना पुढे पंख्यांसाठी फिरावं लागतं.

आणि दुकानातून पैसे देऊन निघण्याआधी एक गोष्ट करच. मशिन चालू करून बायोसमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघड आणि बूट ब्लॉकची (बायोसच्या न बदलणाऱ्या भागाची) तारीख वाच. ६ मार्च २०१३ असेल तर ई५-२६०० मालिकेचे व्ही२ (दुसऱ्या पिढीचे) प्रोसेसर चालतील. ३० डिसेंबर २०११ असेल तर फक्त पहिल्या पिढीचे, आणि बायोस कितीही अपडेट केलं तरी ही तारीख बदलत नाही. दुकानदार सांगेल, ‘सगळं चालतं साहेब.’ त्याचं ऐकायचं, मान डोलवायची आणि तारीख वाचायची.

प्रोसेसरच्या नावातही अर्थ आहे. ई५ नंतरचा पहिला आकडा म्हणजे एका बोर्डावर असे जास्तीत जास्त किती बसतात. ई५-१६५० कितीही आवडला तरी तो एकटाच राहणार. जोडीला २६ वालेच लागतात, आणि दोन्ही एकाच मॉडेलचे. मी ई५-२६८० व्ही२ घेतले: प्रत्येकी दहा कोअर, २.८ गिगाहर्ट्झ, ११५ वॅट. माझा हिशोब असा झाला: एक प्रोसेसर आणि १६ जीबी रॅमसकट मशिन १८,०००, रायझर ६,५००, प्रोसेसरची जोडी ३,२००, आठ-आठ जीबीच्या आणखी सहा पट्ट्या ३,६००, साटा एसएसडी ३,०००. एकूण ३४,३००. याला दोन वर्षं झाली, तेव्हा भाव पुन्हा विचार. एनव्हीएमईच्या (जास्त वेगवान एसएसडीच्या) मागे लागू नकोस, हे मशिन त्यावरून सरळ बूट होत नाही. या प्रोसेसरांत ग्राफिक्सही नसतं, त्यामुळे जुनंपानं का होईना एक कार्ड लागेलच.

रॅम सर्व्हरची, रजिस्टर्ड ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) डीडीआर३. साध्या डेस्कटॉपला ती चालत नाही, म्हणूनच ती इतकी स्वस्त. साध्या पट्ट्यांत मिसळायची नाही. प्रत्येक प्रोसेसरला चार चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) आहेत, म्हणून आठ पट्ट्या असतील तर चार इकडे, चार तिकडे.

इथेच माझी एक अख्खी रात्र गेली. सगळं बसवलं, चालू केलं, तर ६४ ऐवजी ५६ जीबी. पट्ट्या अदलून-बदलून बघितल्या, तरी रायझरवरची ठरावीक खाच रिकामीच दिसायची. म्हणजे पट्टी चांगली होती. रॅमची जोडणी प्रोसेसरच्या पिनांतूनच जाते, म्हणून शेवटी रायझरवरचा प्रोसेसर काढला. या सॉकेटला पिना बोर्डाच्या बाजूने असतात, २०११ पिना. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की त्या गव्हाच्या शेतासारख्या एका दिशेला झुकलेल्या दिसतात. कडेपासून तिसऱ्या ओळीत एकच पिन शेजारणीला टेकली होती. खटक्याच्या पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं, नुसत्या पोकळ टोकात ती पिन घेतली आणि केसभर मागे आणली. दोनदा हात थरथरला म्हणून थांबलो. पहाटे अडीचला ६४ दिसले. तेव्हापासून रायझर विकत घेताना मी आधी सॉकेटचं झाकण उघडायला लावतो.

विंडोजची होम आवृत्ती दुसरा प्रोसेसर वापरतच नाही, प्रो लागते. हे दुखणं जुनंच आहे. १९९९ मध्ये अ‍ॅबिटच्या बीपी६ बोर्डावर लोक दोन स्वस्त सेलेरॉन बसवायचे, इंटेलने त्यांना जोडीने चालवायचं ठरवलेलं नसतानाही, आणि विंडोज ९८ टाकलं की एकच दिसायचा. तुझी लॅबच आहे, तर सरळ प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशिन चालवण्यासाठीचीच सिस्टिम) टाक. फक्त प्रत्येक प्रोसेसरची रॅम त्याच्या जवळची असते, दुसऱ्याच्या रॅमपर्यंत जायला जास्त वेळ लागतो, हे लक्षात ठेव. एका व्हर्च्युअल मशिनला एका प्रोसेसरच्या कोअरपेक्षा जास्त कोअर देऊ नकोस. मी सुरुवातीला एकालाच सोळा दिले होते, तेच काम आठवर जास्त सुरळीत चाललं.

राहिलं वीजबिल. माझं मशिन रिकामं बसलेलं असताना ११० वॅट खातं, पूर्ण भारावर ३३०. रोज आठ तास भारावर चालवलंस तर महिन्याला जवळपास ७९ युनिट. महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटांचा, त्यामुळे रूमवरचं बिल सरळ पुढच्या दरात जाईल. चौघांत वाटून भरत असाल तर हे आधीच सांगून ठेव. एप्रिल-मे महिन्यात खोलीही तापते, ते वेगळं.

तर आता त्या दुकानदाराकडून बूट ब्लॉकच्या स्क्रीनचा फोटो मागव. २०१३ असेल तर मशिन बाजूला ठेवायला सांग आणि रायझर हातात येईपर्यंत प्रोसेसरची जोडी घेऊ नकोस. रायझर नाहीच मिळाला तरी एका दहा कोअरवाल्यावर आणि ६४ जीबीवर तुझी लॅब सुरू होईल. मुख्य बोर्डावर रॅमच्या आठ खाचा आहेत.