विंडोज ११ घेतल्यापासून जुना लॅपटॉप फार मंदावला आहे. फॉरमॅट करावा की नवा घ्यावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी: २०१९ साली घेतलेला, आठव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप आहे, यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील तुमच्या गावात त्यावर पीक विमा, शिष्यवृत्ती आणि सातबाऱ्याची ऑनलाइन कामे चालतात, आठवड्यापूर्वी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून विंडोज १० चे विंडोज ११ केले आणि तेव्हापासून ब्राउझर उघडायलाही काही मिनिटे लागतात. दुकानदार फॉरमॅट करायला सांगतो, तर घरची मंडळी नवा लॅपटॉप घ्या म्हणतात. मी याच जिल्ह्यात संगणकदुरुस्तीचे काम करतो आणि असेच लॅपटॉप माझ्याकडे नेहमी येत असतात. माझे स्पष्ट मत आहे की या घडीला दोन्ही करू नये. अपडेटने बहुधा काही बिघडवलेले नाही. जो भाग आधीपासूनच कसाबसा चालत होता, त्याच्यावरचा भार वाढला आहे, आणि तो भाग कोणता हे घरबसल्या, पैसे न खर्चता ओळखता येते.

त्याआधी एक घाईची गोष्ट सांगतो. विंडोज ११ घेतल्यानंतर पहिले १० दिवस जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय असते. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात रिकव्हरी आणि तिथे ‘गो बॅक’ असा तिचा मार्ग आहे. ही सोय डिस्कवर राखून ठेवलेल्या जुन्या विंडोजच्या फाइलींवर अवलंबून असल्यामुळे, निर्णय होईपर्यंत जागा मोकळी करण्यासाठी ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ पुसू नका. परत जाण्याचा आग्रह मात्र मी धरणार नाही, कारण विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि नोंदणी करून मिळणारे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचेच आहेत. ज्या यंत्रावर गावातल्या लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळले जातात, ते असुरक्षित ठेवणे मला पटत नाही. तुम्ही काहीही ठरवा, पण लोकांच्या कागदपत्रांची एक प्रत आजच बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या.

मोठ्या अपडेटनंतर विंडोज बराच वेळ पडद्यामागे राबत असते: फाइलींची शोधसूची नव्याने बनते, विंडोजचा व्हायरसरक्षक डिफेंडर तपासणी करतो, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि स्टोअरमधील अॅप्स पुन्हा उतरवली जातात. चांगल्या यंत्रावर हे काही तासांत आटोपते. तुम्ही मात्र ग्राहक आला की लॅपटॉप उघडता आणि काम झाले की झाकण लावता. झाकण लावले की लॅपटॉप झोपतो, ही कामे अर्धवट राहतात आणि पुढच्या वेळी नेमकी तुमच्या कामाच्या वेळेला सुरू होतात. त्यातच भारनियमन आणि उतरलेली बॅटरी असेल तर प्रत्येक वेळी वीज गेल्यावर यंत्र अचानक बंद पडते, ते वेगळेच. म्हणून वीज टिकण्याचा भरवसा असेल अशा रात्री चार्जर लावून, स्लीप बंद करून आणि झाकण उघडे ठेवून लॅपटॉप सकाळपर्यंत चालू राहू द्या. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे डेटा जपून वापरायचे इंटरनेट, ठरवले असेल तर उतरवण्याची कामे अडून राहतात, तेव्हा त्या रात्रीपुरती ती खूण काढा आणि सकाळी पुन्हा लावा.

एवढे करूनही फरक पडला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातील ‘परफॉर्मन्स’ हा भाग, लॅपटॉप रेंगाळत असतानाच, शांतपणे पाहा. तुमच्या वर्णनावरून मला खात्री वाटते की डिस्क सतत १०० टक्क्यांवर, म्हणजे क्षणभरही मोकळी नसलेली, दिसेल.

असे का होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि डोके तिथवर सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभराच्या आतच तुकडे वाचले जातात. एक मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर याची अडचण जाणवत नाही. पण विंडोजला हजारो लहान फाइली एकाच वेळी हव्या असतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारा भाग नसल्याने तेच काम सेकंदाला हजारोंच्या घरात होते. हार्ड डिस्क काढून त्या जागी अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) एसएसडी बसवणे हा जुन्या लॅपटॉपवरचा सर्वांत सार्थ खर्च आहे, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. फॉर्म भरण्याच्या कामाला २५६ जीबी पुरते.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या त्याच पानावर ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’, म्हणजे डिस्कला उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ, दिसतो. डिस्क सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी देत असेल आणि हा आकडा वारंवार शेकडो किंवा हजारो मिलिसेकंदांवर जात असेल, तर डिस्क झिजत चालल्याची शंका घ्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची प्रकृती दाखवते. त्यात ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले किंवा संशयित तुकडे, वाढलेले दिसले तर प्रत काढून होईपर्यंत डिस्क दुरुस्तीचे कोणतेही साधन चालवू नका. आजारी डिस्कवर अशा साधनाची तपासणी तासन्‌तास चालते आणि काही वेळा तिचा शेवटच करते.

डिस्क अशी सतत गुंतलेली दिसण्यामागे रॅमची टंचाईही असू शकते. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे, सोयीची मर्यादा नव्हे. ब्राउझरमध्ये दोन संकेतस्थळे आणि एक पीडीएफ उघडली की रॅम संपते आणि उरलेला माल विंडोज डिस्कवर ठेवू लागते. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर ८ जीबी करून घ्या. ‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीवरून आणखी रॅम बसवायला जागा रिकामी आहे का, याचा अंदाज येतो. दोन्ही खर्च एकदम झेपत नसतील तर आधी एसएसडी आणि सवडीने रॅम, हा क्रम ठेवा. भाव सारखे बदलतात, म्हणून यवतमाळात आणि नागपुरात दोन्हीकडे विचारा.

सुरुवातीला आपोआप उघडणारी नको ती अॅप्स बंद करावीत, हे खरे. ‘पीसी क्लीनर’ वगैरे मात्र काहीही टाकू नका.

आपल्या भागात आणखी एक कारण असते आणि बाहेरचे सल्ले ते सहसा धरत नाहीत. लॅपटॉप सकाळी बरा आणि दुपारी मंद चालत असेल तर दोष बहुधा उष्णतेचा आहे. टिनाच्या छताखाली, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये काम चालू असूनही ‘स्पीड’ १ गीगाहर्ट्‌झच्या खाली अडकलेला दिसतो. घरात कापूस भरून ठेवलेला असेल तर त्याचे बारीक तंतू पंख्यामागच्या जाळीत बसून हवा अडवतात. जाळी साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. लॅपटॉप कुलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. तो दमट वारा सर्किटला मानवत नाही.

आता फॉरमॅटविषयी. त्याच हार्ड डिस्कवर फॉरमॅट केल्यास काही दिवस हलके वाटेल, पण डिस्कचा वेग तोच राहील. एसएसडी बसवताना मात्र विंडोज नव्याने टाकणे योग्य. तुमच्या विंडोजचा परवाना डिजिटल स्वरूपात यंत्राशी जोडलेला असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तीच आवृत्ती घेऊन टाकली की ती इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय होते. क्रॅक केलेली प्रत दुकानदाराला अजिबात टाकू देऊ नका. डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लावलेली) असेल तर ती उघडणारा क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, आधी लिहून ठेवा, आणि अंगठ्याच्या यंत्राचे व डिजिटल सहीचे ड्रायव्हर हाताशी ठेवा, नाहीतर लॅपटॉप वेगवान होऊनही काम अडेल.

काढलेली जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडू नका किंवा भंगारात देऊ नका. तिच्यावर गावकऱ्यांच्या आधारच्या आणि पासबुकाच्या प्रती आहेत आणि नुसत्या डिलीट केल्याने त्या जात नाहीत. डिस्क धड असेल तर एसएसडीवर सर्व काही नीट आल्याची खात्री करून ती पूर्ण पुसणारे, म्हणजे ‘क्विक’ नसलेले, फॉरमॅट करा आणि यूएसबीला जोडता येणाऱ्या केसमध्ये घालून प्रती ठेवण्यासाठी वापरा. नादुरुस्त असेल तर उघडून आतल्या चकत्या फोडून टाका.