कोटेशनवर ‘ऑप्टिकल’ लिहिलंय ना?

प्रश्न : नाशिकला माझं प्लॅन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे; मी आणि एक मदतनीस. चार महिन्यांपूर्वी मुंबईच्या विक्रेत्याकडून ३६ इंची स्कॅनर ४ लाख ६० हजारांना घेतला. कोटेशनवर ‘१२०० डीपीआय ऑप्टिकल, अचूकता ±०.१ टक्का’ होतं. ऑप्टिकल, म्हणजे सेन्सर प्रत्यक्षात टिपतो ते दर इंचाचे ठिपके (डीपीआय), निघाले ६००. शिवाय एका इंजिनिअरने ए-झीरो नकाशाचं स्कॅन मोजलं, तर लांबीत ५ मिलिमीटर फरक! विक्रेता म्हणतो, बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘न्यायकक्षा मुंबई’ छापलंय. काय करू?

उत्तर : विक्रेता पहिला मुद्दा काढेल तो असा की, तुम्ही ग्राहकच नाही, मशीन धंद्यासाठी घेतलंय. घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स (१९९५) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, मशीन स्वतः चालवणाऱ्याने एक-दोन माणसांची मदत घेतली तरी तो ग्राहकच राहतो. दुकानावरच घर चालतं, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

६०० डीपीआयवर मात्र फार विसंबू नका. रेषांच्या नकाशांना ३००-४०० पुरतं, त्यामुळे ग्राहक आयोग विचारेल, नुकसान काय झालं? चुकीचं वर्णन करून माल खपवला, एवढ्यापुरता तो मुद्दा ठेवा. खरा जोर लांबीवर. ए-झीरोची लांबी ११८९ मिलिमीटर, ०.१ टक्का म्हणजे जेमतेम १.२. तुमचा फरक चौपट आहे. १:१०० च्या नकाशात तो जागेवर अर्धा मीटर होतो.

पण जुना कागद, अमोनिया प्रिंट (जुन्या पद्धतीची नकाशाची प्रत) दमट हवेत स्वतःच ताणली जाते, आणि विक्रेता नेमकं तेच म्हणेल. म्हणून पॉलिस्टर फिल्मवर रेषा प्लॉट करा, स्टीलच्या पट्टीने मोजा, मगच ती फिल्म स्कॅन करा. (पट्टी मशीनमध्ये घालू नका, काच चरेल.) त्याआधी सर्व्हिस इंजिनिअरकडून कॅलिब्रेशन (मशीनच्या मोजमापाची जुळणी) करून त्याची सही घ्या, रोलर घसरत असेल तर तेही तिथेच कळेल. आयोग कलम ३८ खाली प्रयोगशाळेतूनही तपासणी करवू शकतो.

बिलावरच्या छापील ओळींनी तुमचा हक्क जात नाही. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. आणि तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे मशीनला दिलेली रक्कम, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, पण थांबू नका: दोष कळूनही गप्प राहून मशीन वापरत राहिलात, तर तुम्ही माल स्वीकारला असं म्हणायला विक्रेता मोकळा. आजच स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. अचूकता व्हॉट्सअ‍ॅपवरही कबूल केली असेल तर ते संभाषण पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते दाखल करता येतं.

चार महिने वापर झालाय, तेव्हा पूर्ण रक्कम मिळेलच असं मी सांगणार नाही. विक्रेत्याने बदलीची तयारी दाखवली तर ती घ्या. मात्र तुमचं मशीन सीआयएस (काचेला चिकटून असलेला सेन्सर) असेल तर बदल्यात सीसीडी (लेन्समधून टिपणारा कॅमेरा) मागा, कारण चुरगळलेल्या नकाशांवर सीआयएसचा फोकस सुटतो. किमतीतल्या फरकाचे पैसे तुमच्या दुकानात, तुमच्या फिल्मवर मोजमाप जुळल्यावरच द्यायचे, हे लिहून घ्या.