प्रोग रॉक म्हणजे नुसती बोटांची कसरत आहे का?

प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल तुम्ही विचारलंय, 'वीस-वीस मिनिटांची गाणी, विचित्र ठेके आणि कीबोर्डवाल्याची बोटांची कसरत, यात गाणं कुठंय, भावना कुठंय?' कसरत असते, हे आधीच कबूल करतो. १९७४ साली कॅलिफोर्निया जॅम या संगीत महोत्सवात कीबोर्डवादक कीथ इमर्सनने पियानोसकट हवेत कोलांट्या घेतल्या होत्या. त्याचा बचाव मी करणार नाही. (बघायला मात्र धमाल येते.)

पण ठेक्यांचं म्हणाल, तर आपल्याकडच्या माणसाने सात मात्रांना बिचकावं हे मला पटत नाही. पिंक फ्लॉइड या बँडचं १९७३ सालचं 'मनी' ऐका. सुरुवातीला नाणी खुळखुळतात, कागद फाटतो, गल्ला उघडतो. संगणक नव्हते, तेव्हा हे आवाज टेपवर घेऊन, पट्टीने मोजून टेपचे तुकडे कापले आणि चिकटवले. सात तुकडे, सात मात्रा. बास गिटारचा ठेका त्यावरच उभा राहतो. आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाचं तीन-दोन-दोन त्यात शोधू नका, नुसतं सात मोजा. गंमत पुढे आहे. गिटारची सोलो आली की गाणं सरळ चारच्या ठेक्यावर येतं. इतका वेळ एक पाय आखूड असल्यासारखा चालणारा माणूस अचानक पळायलाच लागतो! अवघड तेच चांगलं असा हट्ट असता तर सोलोही सातातच वाजवली असती.

लांबीबद्दल बोलायचं तर जेनेसिस या बँडचं 'सपर्स रेडी' घ्या. १९७२ सालचं, जवळपास २३ मिनिटांचं. सुरू होतं ते दिवाणखान्यातल्या दोन माणसांपासून, हळू आवाजात, अगदी साध्या चालीवर. मग गाणं कुठच्या कुठे भरकटतं, मध्ये चक्क चावटपणाही करतं. शेवटाकडे फिल कॉलिन्सचे ड्रम्स आणि माइक रदरफर्डचा बास नऊ मात्रांवर अडून बसतात आणि टोनी बँक्स त्यांच्या नऊची फिकीर न करता ऑर्गनवर स्वतःचंच काहीतरी मोजत राहतो. मी काही वर्षं तबला शिकलो. आमचे सर लेहरा (तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी धून) चालू ठेवून त्यावर वेगळी लय धरायला लावायचे. दोन आवर्तनांत माझी सम हुकायची. हे तिघं ती ओढाताण मिनिटंच्या मिनिटं सांभाळतात. ऐकताना छाती भरून येते आणि आता हे सुटावं असं वाटायला लागतं. ते सुटतं, आणि थोड्याच वेळात ती दिवाणखान्यातली चाल परत येते, पण आता पूर्ण ताकदीने, गायक पीटर गॅब्रिएलच्या चढ्या आवाजात. तीन मिनिटांच्या गाण्यात ती परतली असती तर आपण तिला ध्रुवपद म्हणून सोडून दिलं असतं. वीस मिनिटं हरवल्यावर भेटते म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही म्हणता ती भावना मला इथे सापडते, आणि ती त्या लांबीतून, त्या नऊच्या कटकटीतूनच येते.

वादनाबद्दल एकच उदाहरण देतो. रश या बँडमध्ये माणसं तीनच होती. त्यातला गेडी ली मंचावर बास वाजवायचा, गायचा, शिवाय पायाने पेडलवर सूर धरायचा. एकदा व्हिडिओ बघा.

सुरुवात 'मनी'पासून करा. मग 'सपर्स रेडी', सलग, हेडफोन लावून. आणि त्या नऊच्या भागात ऑर्गनबरोबर मोजता आलं तर मला सांगा, माझं अजून चुकतं.