चौकातल्या पारावर लोकसहभागातून चित्र करायचं आहे. कुठला रंग टिकेल आणि खर्च किती येईल?

रंग नकोच. पाराच्या पोटात माती असते, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि भिंतीतूनच बाहेर यायला बघतं. वर कितीही महाग एक्स्टीरियर रंग मारा, मागून पाणी आलं की फुगे येणार आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटणार. टाइलच्या तुकड्यांचं मोझाइक करा.

आमच्या चौकातला पार गोल आहे. मधे पिंपळ, भिंत सव्वादोन फूट उंच, घेर पन्नास फूट. काम ठरलं तेव्हा सोबतच्या चित्रकाराचं म्हणणं असं की लोकांना फक्त विषय विचारावा, तुकडे कारागिरांनीच लावावेत, कारण लोकांच्या हाताला फिनिशिंग नसतं. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. थेट भिंतीवर लावायला दिलं तर काम बिघडतं हे खरं. टाइल ॲडेसिव्ह वीसेक मिनिटांत साय धरतं, नवख्याचा हात तेवढा भरभर चालत नाही, आणि साय धरलेल्या थरावर दाबलेला तुकडा नंतर गळून पडतो. पण भिंतीवर लावायला देतंच कोण? लोकांचं काम टेबलावर, जाळीवर करायचं. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये सुरू झालेल्या भित्तिचित्रांच्या कार्यक्रमात हीच युक्ती वापरतात. लोक पॅराशूटच्या कापडावर चित्राचे भाग रंगवतात आणि मग ते कापड भिंतीवर चिकटवलं जातं.

चित्र पूर्ण मापात कागदावर काढा. त्याचे दीड-दीड फुटांचे भाग पाडा, प्रत्येकावर क्रमांक आणि वरची बाजू दाखवणारा बाण. कागदावर प्लास्टिक, त्यावर प्लास्टरला वापरतात ती फायबरची जाळी. तुकड्याच्या पाठीला गोंदाचा ठिपका लावून तो जाळीवर ठेवायचा. गोंद पाण्याला टिकणारा हवा, साधा पांढरा गोंद ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो. आणि ठिपकाच लावा. पाठभर गोंद फासला तर जाळीची भोकं बुजतात, ॲडेसिव्हला तुकड्याची पाठ मिळत नाही आणि अख्खा भाग जाळीसकट सुटतो.

तुकडे दोन ते चार सेंटिमीटरचे, दोघांमधे तीन मिलिमीटर फट. टाइल व्हिट्रिफाइडच (जवळजवळ पाणी न शोषणारी) घ्या, दुकानांच्या गोदामात फुटलेला माल पडलेला असतो. घरोघरचे कप-बशाही चालतात, पण तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला तर तो तुकडा बाहेर लावू नका, शेवाळं धरतो आणि ग्लेझला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, केसासारख्या चिरा जातात. निपर, म्हणजे टाइल तोडायची पक्कड, मोठ्यांच्या हातात आणि डोळ्यांना गॉगल. मुलांना तुकड्यांच्या धारा दगडावर घासल्याशिवाय देऊ नका.

आमच्याकडे सगळ्यात सरळ ओळी आल्या त्या रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांच्या. त्या आधी आकाराच्या कडेने बारीक तुकड्यांची एक ओळ घालत आणि मग त्याच ओळीला समांतर आत भरत येत. वळणावर तुकडा पाचरीसारखा, आत निमुळता, बाहेर रुंद. पानांच्या शिरा त्यांनी अशाच फिरवल्या. फिनिशिंग म्हणतात ते हेच.

भिंतीचं काम मात्र गवंड्याचं. जुना रंग खरवडून सिमेंट-वाळूचा १:४ गिलावा, सात दिवस पाणी, मग तीनेक आठवडे वाळू द्यायचा. गिलाव्याआधी तळाशी दर तीन फुटांवर अर्ध्या इंची पाइपचे तुकडे मातीपर्यंत घाला, पाण्याला वाट मिळते. हे टाळलं तर मोझाइकही फुगेल आणि सांध्यांतून पांढरे क्षार उतरतील. ॲडेसिव्ह पॉलिमरवालं घ्या, सहा मिलिमीटर दात्यांच्या थापीने पसरा, जाळी लाकडी गुरमाळ्याने दाबून बसवा. दर दहा फुटांवर उभा सांधा मोकळा ठेवून त्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे लवचिक भरण, भरा. चोवीस तासांनी तुकड्यांमधल्या फटी भरायचं ग्राउट, तेही राखाडी. पांढरं लवकर मळतं. उन्हात काम असेल तर सावलीसाठी हिरवी जाळी बांधा.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या एकशे बारा चौरस फुटांना वीस किलोच्या पाच पिशव्या ॲडेसिव्ह आणि तीस-पस्तीस किलो ग्राउट, असा हिशोब होता. दर तुमच्या गावातल्या दुकानात विचारा. मोठा आकडा गवंड्याच्या मजुरीचाच येतो.

हे सगळं उभ्या भिंतीपुरतं. बसायच्या जागी मोझाइक नको, कोटा फरशी बसवा, कड इंचभर पुढे काढून. खोडाभोवतीची माती सिमेंटने बुजवू नका. जमिनीवर, वाहनांच्या रस्त्यावर करायचं असेल तर रंगच लागेल, तिथे हे तुकडे टिकणार नाहीत. वॉर्ड ऑफिसची परवानगी लेखी घ्या.

चित्रकार हवाच, रेखाटन आणि रंगसंगतीसाठी. चंडीगडचं रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांना खुलं झालं, तिथल्या फुटक्या टाइल्स, बांगड्या आणि कपबशा नेकचंद यांनी रचल्या, आणि ते चित्रकलेचं शिक्षण घेतलेले नव्हते, रस्ते निरीक्षक होते. हाताच्या फिनिशिंगवरून लोकांना बाहेर ठेवणाऱ्याला हे जरूर सांगा. आणि उद्घाटनाची पाटी पारावर ठोकू देऊ नका. ड्रिलच्या भोकांतून पाणी मोझाइकच्या मागे शिरतं. लावायचीच झाली तर शेजारी वेगळा खांब रोवा.