'ब्लाइद' वापरण्याआधी

इंग्रजीतला 'ब्लाइद' (blithe) हा शब्द तुम्हाला लिहिण्या-बोलण्यात वापरायचा आहे, छान निवडलात. उच्चार 'ब्लाइद', शेवटी जीभ वरच्या दातांना हलकी टेकते, आवाज 'द'च्या जवळचा. 'ब्लाइट' म्हणू नका, तो पिकावरचा करपा.

खरी गफलत अर्थात होते. जुना अर्थ आनंदी, प्रसन्न. इंग्रज कवी शेलीने 1820 च्या चंडोलावरच्या कवितेत पक्ष्याला 'ब्लाइद स्पिरिट' म्हटलं ते याच अर्थाने. आजच्या गद्यात मात्र बहुतेकदा बेफिकिरीची छटा येते. आपला 'खुशाल' आठवा: 'घरी सगळे खुशाल आहेत' आणि 'सांगूनही खुशाल निघून गेला'. अगदी तसंच.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- साहेबांच्या निरोपसमारंभात त्यांच्या स्वभावाला 'ब्लाइद' म्हणू नका, बेजबाबदार म्हटल्यासारखं वाटेल. तिथे 'चिअरफुल'.
- 'ब्लाइदली' जवळपास नेहमी टीकेचा. 'ही ब्लाइदली इग्नोअर्ड द वॉर्निंग' म्हणजे इशारा खुशाल धाब्यावर बसवला. इथे तो चपखल बसतो, बिनधास्त वापरा.
- 'ब्लाइदनेस' हे नाम सध्या टाळा, फार क्वचित दिसतं.

वाचताना शब्द भेटला की आधी पुढचं नाम बघा. 'डिसरिगार्ड', 'इंडिफरन्स' असेल तर बेफिकिरी; जुन्या कवितेत पक्षी किंवा मे महिना असेल तर आनंद. 'ब्लाइदसम'कडे नंतर वळू.