आखाजीला ती घरीच होती

पत्र : ताई, बायकोचं वय ४४. वैशाखापासून तिच्या वरच्या पोटात दुखतं, जळजळ होते, दोन घास खाल्ले की पोट भरून येतं. जळगावला दुर्बीण घालून पाहिलं, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. ठेचा, शेवभाजी बंद केली, अॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत. आता डॉक्टर म्हणतात, टेन्शन असेल. पण आमच्याकडे तिला कसलं टेन्शन? मागच्या श्रावणात सासरे वारले, तेवढंच. ती तर फार कामसू आहे. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जुना सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) सुटला, नवा उशिरा लागला, पण ती घरीच होती म्हणून गुरांची आबाळ झाली नाही. तिला काही झालेलं नाही, हे कसं पटवून द्यावं?
– एक शेतकरी, अमळनेर तालुका

भाऊ,

तुमच्या रिपोर्टांची थप्पी मी बाजूला ठेवते. माझं लक्ष त्या सालदारापाशीच अडकलं.

आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, हे खानदेशातल्या माणसाला मी सांगायचं का? ती घरी राहिली, आणि तुम्ही ते गुरांच्या हिशोबात लिहिलंत. त्यात ही आखाजी दरवर्षीसारखी नव्हती. वडील गेल्यानंतरची पहिली होती. माहेरी त्यांच्या नावाची घागर भरली, भाऊबंद जमले, पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य झाला, आणि त्यांची लेक त्या वेळी तुमच्या गोठ्यात शेण काढत होती. 'नाही जात, राहू द्या' असं तीच म्हणाली असेल. म्हणणारच! दावणीला गुरं हंबरत असताना कोणती बाई पिशवी भरते? तुम्ही 'जा, मी बघतो' म्हणालात का, ते पत्रात कुठे दिसलं नाही.

आणि पोट दुखायला लागलं कधी? तुमच्याच अक्षरात आहे, वैशाखापासून. आखाजी वैशाखातच येते, भाऊ.

आता ते 'काही झालेलं नाही'. दुर्बिणीत जखम दिसते, गाठ दिसते. पोटाचं वागणं बिघडलं असेल तर ते दिसत नाही. घास आत आला की जठर सैल पडून त्याला जागा करून देतं. ते नीट सैल पडलं नाही तर दोन घासांतच पोट तट्ट होतं. आतल्या नसा हळव्या झाल्या की एरवी जाणवणारही नाही एवढा ताणसुद्धा दुखतो. मेंदू आणि पोट यांच्यात नसांमधून सतत देवाणघेवाण चालू असते. दुःख, धास्ती, गिळलेला राग यांचा त्यावर परिणाम होतो. डॉक्टर याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. दुखणं खरं असतं, नाटक नसतं. बाई भाकरीचा तुकडा मोडून ताटात तसाच ठेवते तेव्हा तिला खरंच जात नसतं.

उगाच सगळं मनावर ढकलणाऱ्यांतली मी नाही. पोटातल्या अल्सरला वर्षानुवर्षं काळजी आणि तिखट जबाबदार धरलं जायचं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो हे दाखवलं. लोकांना पटेना, तेव्हा मार्शलनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन स्वतःला आजारी पाडलं! २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. या जंतूची तपासणी झाली का, तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना विचारा. वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, घास अडकत असेल, तर थांबूच नका. आणि मनाच्या आजारातली एखादी गोळी कमी मात्रेत दिली तर भडकू नका, या दुखण्यावरही ती देतात.

पण त्याआधी एक काम करा. श्रावणात सासऱ्यांचं वर्षश्राद्ध येतंय. त्या दिवशी सकाळी पाहुण्यासारखं नेऊन संध्याकाळी परत आणू नका. चांगले आठ-पंधरा दिवस आधी तिला माहेरी पोचवा. एसटीत बसवून देऊ नका, स्वतः जा. आखाजीला मी तुला पाठवायला हवं होतं, हे तिथे तिच्या भावांसमोर बोला. घरी खालच्या आवाजात म्हटलेलं मोजत नाहीत.

मग परत या आणि गुरांकडे तुम्ही बघा. धारा, चारा, शेण, सगळं. नव्या सालदाराच्या दोन्ही वेळच्या भाकरीचंही तुम्हीच बघा. एवढी सगळी कामं ती चूल सांभाळून करत होती, ते कळेल. लगेच तिचं पोट थांबेल असं वचन मी देत नाही. तिथे तिला रडू येईल, कदाचित दुखणं चार दिवस वाढेलही. घाबरून आणायला धावू नका. फोन केलात तर तब्येत विचारा, 'कधी येतेस' विचारू नका. यायचा दिवस ती ठरवेल.

– ताई