2147483647 ही मूळ संख्या आहे हे कसं ठरवलं? सगळ्या संख्यांनी भागून बघितलं का?

नाही, सगळ्यांनी भागायची गरजच पडत नाही. गणितज्ञ ऑयलरने 1772 साली ही मूळ असल्याचं दाखवलं ते भागाकार करूनच, पण अगदी मोजके. आणि तेव्हा त्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसतही नव्हतं.

मी फोंड्याला शिकवण्या घेतो. गणेश चवथीआधी माडावर चढणारा पाडेली नारळ उतरवून गेला की मुलांना सांगतो, ह्यातले 31 घ्या आणि सारख्या ओळींत मांडा. एकच लांबलचक रांग होते, दुसरं काही जमत नाही. आणखी एक नारळ दिला की 4 ओळी 8 चे लगेच बसतात. 31 म्हणजे 2 चा पाचवा घात उणे 1. तुमची संख्या त्याच घराण्यातली: 2 चा 31 वा घात उणे 1.

आता घातांक मूळ असला की काम झालं, असं मात्र नाही. 11 वा घात घेऊन 1 वजा केला तर 2047 येतात, आणि ते निघतात 23 गुणिले 89. ह्या दोघांकडे जरा निरखून बघा. घातांकाच्या दुपटीने, म्हणजे 22 ने भागलं तर दोन्हीकडे बाकी 1. 8 ने भागलं तर एकाकडे 7, दुसऱ्याकडे 1. हा योगायोग नव्हे. घातांक विषम मूळ असेल तर अशा संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ह्या दोन्ही अटी पाळतोच.

तुमच्या संख्येसाठी दुप्पट 62. दोन्ही अटी एकत्र केल्या की अवयव असलाच तर 248 च्या पटीत 1 किंवा 63 मिळवून आलेला असणार. वर्गमूळ 46341 च्या आत, त्यापुढे बघायचं कारण नाही. उरतात 372 उमेदवार, त्यातलेही कितीतरी 3 ने नाहीतर 5 ने फुटणारे. पहिला मूळ उमेदवार थेट 311! 7, 11, 13 वगैरेंना हातसुद्धा लावायचा नाही. 311 ने भागलं तर भागाकार 6905092, बाकी 35. गेला.

एकदा पावसात वीज गेली तेव्हा मी वही घेऊन बसलो होतो. 311 झाला, 1303 झाला, 1489 अर्ध्यावर असताना वीज आली आणि मी उठलो.

इतक्या उमेदवारांनी भागत बसायचं नसेल तर ह्याच घराण्यातल्या संख्यांसाठी लुकास-लेमर कसोटी आहे. 4 ने सुरुवात करा, वर्ग करा, 2 वजा करा, जी संख्या तपासायची तिने भागून बाकी तेवढी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा 2 कमी इतक्या पायऱ्या. 31 साठी तीनच: 14, मग 194 ची बाकी 8, मग 62 ची बाकी 0. शून्य आलं, म्हणजे मूळ. ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेली 4 कोटींहून जास्त अंकांची मूळ संख्यासुद्धा ह्याच कसोटीने पक्की केली. तुमच्या संख्येला 29 पायऱ्या लागतील. करून बघा. शेवटी शून्य नाही आलं, तर मध्ये कुठेतरी हातचा राहिलाय.